नाव आणि जामीनकी

लेखणीवर ज्याचे पोट आहे, त्याचे नाव त्याच्या लिहिण्याखाली क्वचितच येते. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून जी पत्रे रोज बाहेर पडतात, त्यांतील कितीतरी पत्रांचा आरंभ ‘मला असे कळविण्याचा आदेश झाला आहे’ अशा धर्तीच्या वाक्याने होतो. हा ‘मी’ कोण आणि आदेश कोणाचा, याची चौकशी पत्र घेणाऱ्याने करू नये असा संकेत आहे. राज्यघटनेच्या ७७ व्या अनुच्छेदाने तर भारत सरकारचा सारा कारभार राष्ट्रपतींच्या नावे चालावा असे ठरवूनच टाकले आहे. मसुदा एकाने लिहावा, दुरुस्ती दुसऱ्याने करावी, मान्यता तिसऱ्याने द्यावी, सही चौथ्याने करावी, आणि नाव मात्र राष्ट्रपतींचे असावे, या व्यवस्थेत आपल्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे गेली आहेत किंवा जावयाची आहेत. तिच्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु अशा अनामिकांच्या राज्यात वाढलेल्या माणसाचा जेव्हा केवळ नावावर चालणाऱ्या एखाद्या व्यवहाराशी संबंध येतो, तेव्हा ‘नाव कशासाठी असते’ हा प्रश्न त्याच्यापुढे काहीशा नव्या रूपाने उभा राहतो.

वैद्यकीय संशोधनाचे लेख हा असाच एक व्यवहार आहे. माझी कचेरी आरोग्यखात्याच्या कक्षेतील आहे, आणि तेथील डॉक्टरमंडळींचे लेख नियतकालिकांकडे पाठविण्यापूर्वी ते नियमांप्रमाणे सिद्ध करून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्या मेजावर आले आहे. विद्वत्तेचा भाग त्यांचा, कागदपत्रांचा भाग माझा. हा दुसरा भाग बाहेरच्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळच मोठा आहे. शीर्षकाचे पान वेगळे ठेवावयाचे, कारण काही नियतकालिके परीक्षकांना लेखकांची नावे कळू देत नाहीत. सारांश ठरलेल्या शब्दांत बसवावयाचा. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा ही चार प्रकरणे याच क्रमाने यावयाची. तक्ते स्वतंत्र. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांची संमती घेतली होती काय, नीतिसमितीची मंजुरी कोणत्या क्रमांकाची, पैसा कोठून आला, कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत काय, हे सारे लिहून द्यावयाचे. उपचाराची चाचणी असेल, तर २००७ साली सुरू झालेल्या आणि २००९ पासून सक्तीच्या ठरलेल्या आपल्या राष्ट्रीय नोंदवहीतील नोंदणीचा क्रमांक द्यावयाचा. शेवटी संपादकांना पत्र, की हा लेख पूर्वी कोठे छापलेला नाही व सध्या अन्यत्र कोठे विचारार्थ पाठविलेला नाही. एवढे सर्व संकेतस्थळावर चढविल्यानंतर महिनोन्‌महिने वाट पाहावयाची. मग दोन किंवा तीन अनामिक परीक्षकांचे आक्षेप येतात, आणि त्यांतील प्रत्येकाला क्रमवार उत्तर देऊन, कोणत्या पानावर काय बदलले ते दाखवून, लेख पुन्हा पाठवावयाचा. ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली आलेली फाइल ज्यांनी पुन्हापुन्हा वर चढविली आहे, त्यांना या प्रवासाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

या सर्व कागदांत दिसायला सर्वांत साधा कागद म्हणजे लेखकांचे प्रतिज्ञापत्र. १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र जमले. हस्तलिखिते एकाच पद्धतीने लिहिली जावीत एवढाच त्यांचा आरंभीचा हेतू होता. त्या मेळाव्यातून वाढलेल्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम आज जगभरची वैद्यकीय नियतकालिके प्रमाण मानतात. लेखक कोणाला म्हणावे, यासाठी या समितीने चार कसोट्या सांगितल्या आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचा अर्थ लावणे यांत त्याचा भरीव वाटा असावा. लेख लिहिण्यात किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती करण्यात त्याचा हात असावा. छापावयाच्या अंतिम स्वरूपाला त्याने मान्यता दिलेली असावी. आणि लेखातील कोणत्याही भागाच्या अचूकतेविषयी वा प्रामाणिकपणाविषयी शंका निघाल्यास तिची तड लावण्याची जबाबदारी त्याने पत्करलेली असावी. चारही कसोट्या एकाच वेळी उतरल्या पाहिजेत. चौथी कसोटी २०१३ साली जोडण्यात आली. म्हणजे लेखकाने उत्तर द्यावयाचे असते, ही गोष्ट वेगळी लिहून ठेवण्याची गरज मधल्या पस्तीस वर्षांत संपादकांना भासली.

या कागदावर सह्या गोळा करताना जो प्रकार पाहावयास मिळतो, तोच या लेखाचे निमित्त आहे. एका तरुण डॉक्टरने दोन उन्हाळे खेड्यापाड्यांतून हिंडून एक अभ्यास पूर्ण केला. लेख माझ्याकडे आला तेव्हा त्यावर चार नावे होती. बाहेर पडला तेव्हा सहा झाली. वाढलेल्या दोन नावांपैकी एक वरिष्ठांचे होते आणि दुसरे वरिष्ठांच्या स्नेह्यांचे. दोघांनीही प्रतिज्ञापत्रावर सही केली. लेख मागवून घेतला नाही. घरोघर जाऊन प्रश्नावली भरून आणणारी जी परिचारिका होती, तिचा उल्लेख ऋणनिर्देशातही नव्हता. लेख एका ओळीने लांबत होता, म्हणून ती ओळ गेली. मी त्या डॉक्टरांना सहज विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले की, नाव घातल्याने कोणाचे काय जाते? आकडे खरे आहेत, काम खरे आहे. वर दोन नावे अधिक असल्याने रोग्याच्या औषधात काही कालवले जात नाही. उलट पुढच्या वर्षी बदली आणि बढती दोन्ही आहेत.

हे उत्तर झटकून टाकण्याजोगे नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या बढतीला लेखांची अट आहे, आणि कोणत्या क्रमांकावरील नाव मोजावयाचे याचेही नियम झालेले आहेत. ज्याच्या हाती गोपनीय अहवाल आहे, त्याला नाव नाकारण्याचे धैर्य प्रत्येकाने दाखवावे, अशी अपेक्षा दुरून करणे सोपे असते. शिवाय आपल्या समाजात कर्तेपण वडीलधाऱ्यांकडे देण्याची रीत आहे. लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचे नाव असते. खर्च आणि धावपळ कोणाची, हे कोणी विचारीत नाही, आणि त्यात कोणाला लबाडीही दिसत नाही. मग लेखावर साहेबांचे नाव आले तर त्यातच एवढा दोष कोणता? प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर संतापाने न देता विचाराने दिले पाहिजे.

उत्तर शोधण्यासाठी परीक्षकाच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहावे. त्याच्यापुढे काय असते? काही पाने आणि काही तक्ते. ज्या खेड्यातील मुले मोजली ते खेडे त्याने पाहिलेले नसते. ज्या प्रयोगशाळेत रक्त तपासले तिचे दार त्याने उघडलेले नसते. तो तर्क तपासतो, गणित तपासतो, निष्कर्ष आधाराच्या पलीकडे गेला आहे काय ते पाहतो. परंतु मुळात मोजणी झाली की नाही, हे तो पाहू शकत नाही. सावकार कूळ नवखे असले म्हणजे कागदावर जामिनाचे नाव मागतो. तो जामीन कुळाच्या शेतात नांगर धरीत नाही, पण कुळाने बुडविले तर त्याच्या दारात उभे राहता येते. शोधनिबंधावरील प्रत्येक नाव अशाच जामीनकीचे आहे. वाचकाला जे पाहता येत नाही ते ‘मी पाहिले आहे, विचारायचे तर मला विचारा’ असे ते नाव सांगत असते. पत्रिकेवरील आजोबांचे नाव कशाचीच हमी देत नाही, म्हणून ते निरुपद्रवी. जामिनाच्या जागी घातलेले सौजन्याचे नाव हमी देते, आणि ती हमी पोकळ असते.

पोकळ हमीने काय होते, हे २०२० साली जगाने पाहिले. कोरोनाची साथ चढत असताना, त्या वर्षी २२ मे रोजी, ‘द लॅन्सेट’ या लंडनच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एक लेख आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांमधील ९६,०३२ रोग्यांच्या नोंदींवर तो आधारलेला आहे, असे त्यात म्हटले होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने लाभ तर होत नाहीच, उलट मृत्यू वाढतात, असा निष्कर्ष त्याने काढला होता. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मोठ्या चाचणीतील त्या औषधाची शाखा स्थगित केली. परंतु जाणत्या वाचकांना आकड्यांत विसंगती दिसू लागल्या, आणि मूळ नोंदी दाखवा अशी मागणी झाली. नोंदी एका खासगी कंपनीकडे होत्या व तिचा चालक चौघा लेखकांपैकी एक होता. उरलेल्या तिघांनी त्रयस्थांकडून तपासणी करविण्याचा प्रयत्न केला; कंपनीने नोंदी दिल्या नाहीत; तेव्हा मूळ माहितीच्या खरेपणाची हमी आपण देऊ शकत नाही असे सांगून त्या तिघांनी ४ जून रोजी लेख मागे घेतला. छापल्यापासून चौदा दिवसही झाले नव्हते. पुढे इतर चाचण्यांतून ते औषध कोरोनावर निरुपयोगीच ठरले; पण म्हणून हा लेख खरा ठरत नाही. चुकून बरोबर आलेले उत्तर हे गणित सोडविल्याचा पुरावा होत नाही. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, जी हमी आपण देऊ शकत नाही असे ते तिघे ४ जूनला म्हणाले, ती २२ मे रोजी त्यांच्या नावांनी दिलेलीच होती.

याच नियतकालिकातील याहून जुने उदाहरण अधिक दुःखद आहे. १९९८ साली बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला एक लेख त्यात आला, आणि गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांवरील एकत्रित लशीचा आत्ममग्नतेच्या विकाराशी संबंध असावा, अशी शंका त्याने लोकांच्या मनात पेरली. त्यावर तेरा नावे होती. २००४ साली त्यांतील दहा जणांनी त्या अन्वयार्थापासून आपण दूर होत असल्याचे जाहीर केले; लेख पूर्णपणे रद्द झाला तो २०१० साली. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमधील अनेक आईबापांनी मुलांना ती लस टोचून घेण्याचे टाळले, आणि जवळजवळ हद्दपार झालेला गोवर तेथे पुन्हा पसरू लागला. सामान्य आईबापांना तेरा नावांतून काय दिसले असेल? तेरा डॉक्टरांनी पाहिले आणि तेराही जण एकमताने सांगत आहेत, असेच दिसले असणार. नावांची संख्या हीच त्यांच्या दृष्टीने साक्षीदारांची संख्या होती.

तेव्हा ‘कोणाचे काय जाते’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : ज्याला लेख वाचता येत नाही पण लेखावरून ठरलेला उपचार ज्याच्या वाट्याला येतो, त्याचे जाते. आकडे खरे असतील तेव्हा ही हानी दिसत नाही, एवढेच. जामीन खोटा आहे हे कर्ज फिटत असेपर्यंत कोणाला कळते? परंतु आकडे खरे आहेत हे त्या वाढलेल्या दोन नावांना तरी कोठे माहीत होते? त्यांनी पाहिलेच नव्हते. लेख खरा निघाला, यात त्यांच्या प्रामाणिकपणाचा काहीच भाग नव्हता.

दुसरे उत्तर गाळलेल्या नावांकडून मिळते. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचा निबंध १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला. एकोणचाळीस गावांत प्रयोग आणि सत्तेचाळीस गावांशी तुलना, अशी त्याची मांडणी होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. शहरातून दूर, दवाखाना हाकेच्या अंतरावर नाही अशा गावांत, थोडे शिकलेल्या बायकांनी बाळाला तपासावे, त्याचे वजन करावे, श्वास मोजावा, ऊब द्यावी, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यावे, यावर तो सारा प्रयोग उभा होता. निबंधावर नावे पाच. पण ज्या तक्त्याने जगातील बालरोगतज्ज्ञांचे मत बदलण्यास सुरुवात केली, त्यातील एकेक आकडा कोठल्या तरी झोपडीत, कंदिलाच्या उजेडात, अशाच कोणा बाईच्या वहीत प्रथम उमटला असणार.

या बायकांना लेखक म्हणावे काय? वर दिलेल्या कसोट्या लावल्या तर म्हणता येणार नाही. इंग्रजी निबंधातील सांख्यिकीय युक्तिवादाबद्दल उत्तर देण्याचा भार त्यांच्यावर टाकणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. न पेलणारी जामीनकी गरिबाच्या माथी मारणे, याला सन्मान म्हणत नाहीत. पण ज्याला जामीन करता येत नाही त्याचे देणेही लागत नाही, असा अर्थ यातून काढणे चुकीचे आहे. त्याच नियमांनी सांगून ठेवले आहे की, ज्यांचा वाटा लेखकपणाला पुरत नाही त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात व्हावा. आणि ज्यांनी मुळात भरीव काम केले आहे, त्यांना लेख वाचण्याची, सुधारण्याची व मान्य करण्याची संधी द्यावी. संधीच न देता ‘तुम्ही लेख वाचला नाही, म्हणून तुम्ही लेखक नाही’ असे म्हणणे ही पळवाट झाली. ऋणनिर्देश हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. आभार मानणे ऐच्छिक असते. ऋण हे ऐच्छिक नसते. आमच्या कचेरीतील त्या परिचारिकेच्या बाबतीत जे घडले, ते जागेअभावी घडले असे सांगण्यात येईल. पण जागा नव्हती हे खरे मानले, तरी दोन सह्यांना जागा झालीच होती. एका बाजूला न केलेल्या कामाचे नाव चढते तेव्हा दुसऱ्या बाजूला केलेल्या कामाचे नाव उतरते. कीर्तीची खतावणीही शेवटी जुळवावीच लागते.

येथे माझ्याच व्यवसायातून एक आक्षेप निघतो. तुम्ही कारकून लोक तरी काय करता? मसुदा तुमचा आणि सही साहेबांची, हे तर रोजचेच आहे. मग डॉक्टरांना दोष का? बालाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र कामाच्या गर्दीत लिहावयाचे राहिले, आणि विचारणा होताच चिटणिसांनी कोरा कागद हाती धरून सारे पत्र अस्खलित वाचून दाखविले. आपण ती चिटणिसांच्या बुद्धीची कथा म्हणून सांगतो. पण तिच्यात आणखी एक माणूस आहे, आणि तो ऐकतो आहे. शब्द चिटणिसांचे असले तरी पत्र महाराजांचे झाले, कारण बाहेर जाण्यापूर्वी ते त्यांनी ऐकून घेतले होते. त्या काळच्या कागदांवर आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब उमटे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही घालू नये, अशी मर्यादा ते मोर्तब सांगे. अंतिम स्वरूपाला मान्यता, ही जी तिसरी कसोटी व्हँकुव्हरकरांनी सांगितली, ती आपल्या दप्तरांना अशी जुनीच परिचयाची आहे.

सरकारी पत्रावर खऱ्या लेखकाचे नाव नसते हे खरे; परंतु त्या पत्रामागे फाइल असते. टिपणीच्या हिरव्या कागदावर, आणि आता ई-ऑफिसच्या पडद्यावर, कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले आणि कोणत्या तारखेला कोणी संमती दिली, हे उतरलेले असते. उद्या प्रश्न निघाला तर ते दप्तर उघडता येते. आपली व्यवस्था बाहेरून अनामिक असली, तरी आतून प्रत्येकाची आद्याक्षरे जपून ठेवते. शोधनिबंधाचे नेमके उलट आहे. त्याची नावे बाहेर असतात आणि आतली टिपणी वाचकाला कधीच दिसत नाही. म्हणूनच सरकारी पत्रावर एक नाव कमी असले तर चालते. निबंधावर एक नाव अधिक असले तर चालत नाही. आणि न वाचता सही करणारा अधिकारी आपल्याकडेही निर्दोष ठरत नाही. फाइल त्याच्यावर साक्ष देते, एवढाच फरक.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे टोक आले आहे. मागेल तसा मजकूर जुळवून देणारी यंत्रे निघाली, आणि काही लेखांवर अशा यंत्राचे नावही झळकले. २०२३ साली त्या संपादक-समितीने स्पष्ट केले की, यंत्राला लेखक मानता येणार नाही, कारण लेखाच्या अचूकतेची, प्रामाणिकपणाची व मौलिकतेची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. त्याचे साहाय्य घेतले असल्यास तसे उघड सांगावे. यंत्राने लिहिले किती, हा मुद्दाच धरला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पानेच्या पाने लिहूनही ते लेखक होत नाही, कारण त्याच्या दारात जाऊन जाब विचारता येत नाही. मग एक ओळही न लिहिलेला आणि जाबही न देणारा माणूस लेखक कसा होतो? यंत्रापेक्षा त्याचा हक्क कोणत्या बाबतीत अधिक, हे त्याने स्वतःशीच ठरवावे.

बढतीचे नियम बदलणे मधल्या माणसाच्या हाती नसते, आणि तरुण डॉक्टरांना हौतात्म्याचा उपदेश करणे त्याला शोभतही नाही. परंतु कागद ज्याच्या हातातून जातो, त्याच्याकडे एक लहानसा अधिकार असतो. प्रतिज्ञापत्र सुटे न नेता लेखाला टाचून न्यावे. चारही कसोट्या सहीच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत ठेवाव्यात. कोणी काय काम केले हे लिहिण्याचा रकाना बहुतेक नियतकालिकांनी आता दिलेलाच आहे. तो सर्वांच्या वतीने आपण भरू नये, ज्याचा त्याला भरावयास द्यावा. माझा अनुभव असा की, रिकामा रकाना समोर आला म्हणजे पुष्कळांची लेखणी थांबते. एक-दोन वेळा तर ‘माझे नाव राहू द्या, त्या अमक्याचे घाला’ असेही शब्द वरिष्ठांच्याच तोंडून मी ऐकले आहेत, आणि ते रागाने उच्चारलेले नव्हते. माणसाला खोटी सही करावयाची असते असे नाही. पुष्कळदा आपण कशावर सही करीत आहोत, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

आपल्यापैकी बहुतेकांना शोधनिबंध लिहावयाचा नाही. पण सही प्रत्येकाला करावयाची असते : मोजमापाच्या वहीवर, निविदेच्या तक्त्यावर, तपासणीच्या अहवालावर, कोणाच्या तरी दाखल्यावर. त्या प्रत्येक सहीखाली कोठे तरी दूर असे एक माणूस असते, ज्याला ते कागद कधीच वाचावयाचे नसतात, आणि जे त्या पुलावरून जाणार असते किंवा ते औषध घेणार असते. आपण पाहिले आहे, एवढ्याच विश्वासावर ते निश्चिंत असते.